चार वाजता मरणारी कोंबडी: खान्देशी उन्हात खुराडं थंड ठेवताना कुठे चुकतं

तक्रार दरवर्षीची आहे आणि आमच्याकडे जवळजवळ घरोघरची आहे. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, सगळं ठीक चालतं. घागर भरून होते, डांगर (खरबूज) खाऊन होतं, झाडाचे झोके उतरतात, आणि पुढच्या आठ-पंधरा दिवसांत एखाद्या दुपारी खुराड्याच्या कोपऱ्यात एक कोंबडी पंख पसरून पडलेली दिसते. दोन दिवसांनी दुसरी. मग धावपळ सुरू होते. बारदान ओलं करून बांधायचं, पंखा लावायचा, पाण्यात बर्फ टाकायचा. चार दिवस बरं वाटतं आणि परत एक जाते.

मी अमळनेर तालुक्यातला. परसात २४ कोंबड्या आहेत, निम्म्या गावरान, निम्म्या वनराजा या जड जातीच्या. सलग तीन उन्हाळे मीही हेच केलं आणि तीन वर्षांत ११ कोंबड्या घालवल्या. चौथ्या वर्षी पोराची जुनी वही घेतली आणि खुराड्याच्या दाराला टांगली. कोणती मेली, किती वाजता, कुठे बसली होती, एवढंच लिहायचं. नवा उपाय म्हणून काहीच केलं नाही, फक्त लिहीत गेलो. त्या वहीनेच गोष्ट उलगडली. सगळे उपाय बरोबर होते, पण चुकीच्या वेळेला आणि चुकीच्या जागी होते. म्हणून तुमच्याकडे कोंबडी मरत असेल तर आधी वेळ बघा. सकाळी दार उघडल्यावर मेलेली सापडते, दुपारी चार ते सहाच्या दरम्यान मरते की जूनमध्ये ढग आल्यावर मरते, या तिन्हींची कारणं वेगळी आहेत.

कोंबडीचं अंग मुळातच गरम, ४१ अंशांच्या आसपास. तिला घाम येत नाही. उष्णता बाहेर टाकायला तिच्याकडे दोन वाटा. एक अंगावरून: तुरा, गळ्याखालचं लाल लोंबतं, पाय आणि पंखांखालची उघडी कातडी. म्हणून तर ती उन्हाळ्यात पंख अंगापासून लांब धरून उभी राहते. दुसरी वाट तोंडावाटे, धापा टाकून, वाफेच्या रूपाने. हवा तिशीच्या आत असते तोवर पहिली वाट पुरते. पस्तिशीच्या पुढे ती जवळपास बंद होते. आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा सावलीतच ४३-४४ वर जातो, म्हणजे हवा कोंबडीपेक्षा गरम. मग राहते फक्त धाप.

यावरूनच पंख्याचा घोळ कळतो. आपल्याला पंख्याने बरं वाटतं कारण आपला घाम वाळतो. कोंबडीला घामच नाही, तेव्हा ४४ अंशांची कोरडी हवा तिच्या अंगावर सोडणं म्हणजे तिला लू लावणं. मी दोन वर्षं टेबलफॅन लावून हेच करत होतो आणि वर कौतुकाने बघत होतो की कशी गार हवा खाते. पंखा लावायचाच तर त्याच्या तोंडापुढे ओलं बारदान हवं, किंवा तो संध्याकाळी सातनंतर लावायचा, तेव्हा त्याचा खरा उपयोग होतो. तशीही दुपारी लाइट असतेच असं नाही, त्यामुळे पंख्याच्या भरवशावर खुराडं उभंच करू नका.

आता चार वाजताचं. माझ्या वहीतल्या नोंदी बहुतेक याच वेळच्या होत्या. ऊन तर बाराला सगळ्यात कडक, मग कोंबडी चारला का मरते? उत्तर एका दिवशी शेजारच्या आप्पांनी दिलं. मी खुराड्यासमोर उकिडवा बसून बघत होतो. ते कुंपणावरून म्हणाले, "भो, पत्रा तपी जायेल शे, तठे हात लाई देख!" मी पत्र्याला हात लावला नाही, पत्र्याखाली वीतभर अंतरावर तळहात धरला. चुलीवरच्या तव्यावर धरल्यासारखी धग. तोच हात जमिनीजवळ नेला तर धग एकदम कमी. आणि माझी दांडी, जिच्यावर कोंबड्या बसतात, ती पत्र्यापासून हातभरही खाली नव्हती. दिवसभर तापलेला पत्रा आणि वर साचलेली गरम हवा या दोन्हींच्या मधोमध मी त्यांना बसायची जागा करून दिली होती. मेलेल्यांपैकी बऱ्याच दांडीवरून खाली पडलेल्या होत्या, ते वहीत लिहिलं होतं, पण अर्थ तेव्हा लागला.

उपाय करायचे ते याच क्रमाने करा. दांडी खाली घ्या, जमिनीपासून दीड फुटावर पुरे. त्याला पैसा लागत नाही. मग पत्र्यावर चुना. होळीच्या सुमारास दोन हात द्यायचे, चुन्यात थोडा पांढरा गोंद मिसळला की लवकर पोपडे धरत नाही. पहिल्या पावसात धुऊन जातो, म्हणून दरवर्षी द्यावा लागतो. चुना दिलेल्या आणि न दिलेल्या पत्र्याखाली हात धरून बघा, दुसरा पुरावा लागणार नाही.

चुन्यावर पऱ्हाट्या. कपाशी उपटल्यावर बांधावर ढीग पडलेला असतोच. पण एक चूक टाळा, पऱ्हाट्या थेट पत्र्यावर अंथरू नका. आधी पत्र्यावर आडवे बांबू किंवा तुराट्यांच्या जाड पेंढ्या ठेवा आणि त्यावर पऱ्हाट्यांचा फूटभर थर द्या. मधून वारा गेला पाहिजे, तरच पत्रा गार राहतो. तापीपलीकडे चोपड्याकडचे लोक केळीची वाळली पानं घालतात, तेही चालतं, पण वाऱ्याने उडतात, वर दोरी हवी. आणि जवळ चूल, उकिरड्याचा जाळ, बिडी काहीही नको. वाळल्या पऱ्हाट्या म्हणजे सरपणच.

आपल्या जुन्या धाब्याच्या घरांचं तंत्र हेच होतं. लाकडी पाट्यांवर मातीचा जाड थर, त्यामुळे दुपारची धग आत पोचायला संध्याकाळ व्हायची. पण त्याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा: तीच माती रात्री धग सोडते, म्हणून तर माणसं धाब्यावर झोपायची. हे रात्रीच्या मरणाच्या वेळी पुन्हा लागेल.

चार वाजताचं आणखी एक कारण म्हणजे पश्चिमेचं ऊन. मेच्या शेवटच्या आठवड्यात आपल्याकडे सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर असतो, सावली पायाखाली जाते. त्या वेळी झाडाखालचं खुराडं सावलीत असतं. चार वाजता तीच सावली पूर्वेला सरकलेली असते आणि तिरपं ऊन पत्र्याखालून थेट आत येतं. माझं खुराडं निंबाच्या पश्चिमेला होतं, म्हणजे उलट्या बाजूला. बारा वाजता बघून "निंबाची सावली आहे" म्हणत समाधान मानत होतो. झाड खुराड्याच्या पश्चिमेला हवं. नवीन बांधत असाल तर लांबी पूर्व-पश्चिम धरा, म्हणजे उन्हाकडे फक्त अरुंद बाजू येते. आधीच बांधलेलं असेल तर पश्चिमेला शेवगा लावा, तो भराभर वाढतो, किंवा जाळीवर गिलक्याचा वेल चढवा. यंदाच्या यंदा हवं असेल तर हिरवी नेट, पण खुराड्याला चिकटवून नाही, दोन-तीन फूट लांब बांधायची.

आणि तिसरं कारण घरातलं. आई दुपारी जेवणं झाली की उरलेली कळण्याची भाकरी कुस्करून कोंबड्यांना टाकते, वर मूठभर ज्वारी. मायेने टाकते, आणि कोंबड्याही धावत येतात. पण खाल्लेलं पचताना अंगात उष्णता तयार होते आणि ती खाल्ल्यानंतर तीन-चार तासांनी जास्त जाणवते. साडेबाराची भाकरी म्हणजे बरोबर चारची धाप. ज्या वर्षी हे बंद केलं त्या वर्षी फरक सगळ्यात आधी दिसला. आता दाणे पहाटे साडेपाचला, नऊच्या आत उरलेलं उचलायचं, आणि पुन्हा संध्याकाळी साडेसहाला. मधे धान्य नाही. आईला हे पटवणं सगळ्यात अवघड गेलं. "उपाशी मारतो का त्यांना" असं दोन दिवस ऐकलं. तडजोड म्हणून दुपारी टरबुजाच्या साली, काकडीचे शेंडे आणि डांगराच्या बिया-गर तिच्या हाताने टाकायचे ठरलं. ते पाणीच असतं, त्याने बाधत नाही.

पाण्याची गोष्ट वरवर सोपी वाटते, पण बहुतेकांची चूक तिथेच असते. एरवी एक कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते, कडक उन्हाळ्यात दुप्पट आणि कधी त्याहून जास्त. म्हणजे माझ्या २४ कोंबड्यांना हिवाळ्यात सहा लिटर पुरतं आणि मेमध्ये १२ लिटरही कमी पडतं. त्यात पाणी गरम असेल तर ती तहानलेली असूनही पीत नाही, चोच बुडवते आणि बाजूला होते. आमचं पाणी काळ्या नळीतून यायचं. दुपारी नळी सोडली की पहिलं दोन बादल्या पाणी अंघोळीइतकं गरम. ते तसंच भांड्यात जायचं. आता ते आधी शेवग्याला सोडतो, हाताला गार लागलं की मग कोंबड्यांना.

भांडं प्लास्टिकचं किंवा पत्र्याचं नको. फुटक्या माठाचं बूड उत्तम, झिरपतं म्हणून गार राहतं. तीन ठिकाणी ठेवा, कारण दांडगी कोंबडी दुबळीला पाण्यावर येऊ देत नाही, आणि दुपारी मरते ती नेमकी दुबळीच. बारा, दोन आणि चार वाजता पाणी बदला. बर्फ टाकायची गरज नाही, माठाइतकं गार पुरे. लू जास्त असेल त्या दिवशी एका भांड्यात ओआरएस टाकतो, एक पुडी एक लिटरला, दुसऱ्यात साधं पाणी. नसेल तर गुळाचा खडा आणि चिमूटभर मीठ. पण गुळाचं पाणी संध्याकाळपर्यंत आंबतं, ते ओतून भांडं घासायचं. आणि हे रोज नाही, दोन-तीन दिवस, बस.

बारदानाबद्दल थोडं सविस्तर, कारण आपल्याकडचा सगळ्यात जोरदार उपाय तोच आणि सगळ्यात जास्त बिघडतो तोही तोच. पहिली चूक: लोक खताची गोणी बांधतात. ती प्लास्टिकची, पाणी धरतच नाही, नुसता वारा अडवते. तागाचंच बारदान हवं. दुसरी चूक: चारही बाजू गुंडाळतात. मग आतली वाफ बाहेर पडत नाही आणि खुराड्याची भट्टी होते. बारदान फक्त ज्या बाजूने वारा येतो तिकडे, आपल्याकडे मेमध्ये बहुतेक पश्चिमेला. समोरची बाजू मोकळी, नुसती जाळी. पत्रा आणि भिंत यांच्यात वर अर्धा फूट फट हवी, गरम हवा तिथून निघते. फटीला जाळी मारा, नाहीतर मुंगूस.

तिसरी चूक: ओलं ठेवणं. दहाला बादलीभर पाणी मारलं की आपल्या कोरड्या हवेत अकराला बारदान खडखडीत. माझ्याकडे कपाशीच्या ठिबकची जुनी नळी पडली होती, १६ एमएमची. तिचं एक टोक बांधलं, दुसरं २०० लिटरच्या ड्रमला जोडलं आणि बारदानाच्या वरच्या काठावरून आडवी नेली. ड्रमच्या दाबावर ड्रिपर नीट टपकेनात, म्हणून दाभणाने वीतभर अंतरावर भोकं पाडली. थेंब थेंब पाणी बारदानावरून उतरतं, खाली पन्हाळीत पडतं आणि तिथून निंबाच्या बुडाशी जातं. ड्रम सकाळी भरला की संध्याकाळ निघते. लाइट लागत नाही, माणूस लागत नाही. एवढं एकच करायची ताकद असेल तर पऱ्हाट्या आणि हे करा, बाकी नंतर. फॉगर, म्हणजे पाण्याचं धुकं फवारणारा नोझल, मी वापरत नाही, परसातल्या खुराड्यात त्याने खालचा भुसा ओला होतो आणि मग वास, नाकातून पाणी, वेगळीच दुखणी.

निंबाच्या बुडाशी पाणी जातं त्याचा एक फायदा मी आखला नव्हता. तिथली माती गार आणि ओलसर राहते. कोंबड्यांनी दोन दिवसांत ती हुडकली. पायांनी माती उकरून खड्डा करतात, पोट त्यात टेकवतात, पंख उघडतात आणि डोळे मिटून पडतात. दुपारी दोन वाजता माझ्या निम्म्या कोंबड्या खुराड्यात नसून त्या खड्ड्यांत असतात. तुमच्याकडे सावलीत मोकळी जागा असेल तर बाकी काही न करता सकाळी तिथे चार बादल्या पाणी मारून बघा.

आता सकाळी दार उघडल्यावर मेलेली सापडते त्याचं. हे मांजरामुंगसाच्या भीतीने होतं. फळ्यांचं दार लावून, वर दगड ठेवून आपण निर्धास्त झोपतो आणि आत २४ अंगं प्रत्येकी ४१ अंशांची. मेमधल्या रात्री आपणही अंगणात बाज टाकतो, मग त्यांना पेटीत का? दाराच्या फळ्या काढून बारीक जाळी मारा. विटांचं किंवा सिमेंटचं खुराडं असेल तर धाब्याच्या घरासारखंच, भिंती रात्री धग सोडतात. अशा भिंतींवर सूर्य मावळल्यावर बाहेरून पाणी मारा. दाटीही कमी करा. रात्रीपुरती एका कोंबडीला दोन चौरस फूट जागा धरा, वनराजासारख्या अंगापिंडाने मोठ्या कोंबडीला थोडी जास्त. खाली भुईमुगाची टरफलं किंवा भुसा असेल तर थर दोन इंचांचाच ठेवा, जाड थर स्वतःच तापतो.

गावरान कोंबडीला हे कमी लागतं, हे खरं आहे. हलकं अंग, तुरळक पिसं, दिवसभर बांधावर. उघड्या मानेची असेल तर आणखीच चिवट. वनराजा हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या पालनासाठीच तयार केली आहे, पण अंगाने जड, आणि जड कोंबडीला उष्णता बाहेर टाकायला जास्त वेळ लागतो. माझ्या ११ पैकी ८ त्याच होत्या. पिल्लं देणाऱ्याने हे सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. एक अपवाद मात्र गावरानचाच: खुडूक बसलेली कोंबडी. ती अंडी सोडून पाण्यालाही उठत नाही. एप्रिल-मेमध्ये खुडूक बसवू नका. बसलीच तर तिला घराच्या आत, गार कोपऱ्यात डालग्याखाली बसवा आणि दिवसातून दोनदा हाताने उठवून पाण्यावर न्या.

पडलेली कोंबडी सापडली तर काय करायचं? चोच उघडी, मान ताणलेली, तुरा काळसर किंवा फिका पडलेला, पाय धरत नाहीत. आधी सावलीत, वाऱ्याला आणा. साध्या पाण्याच्या बादलीत तिचे पाय आणि पोटाखालचा भाग बुडवा, दोन-तीन मिनिटं. तुरा ओल्या बोटाने पुसा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, डोक्यावरून तांब्या ओतू नका, आणि चोच उघडून पाणी मुळीच ओतू नका. धापा टाकणाऱ्या कोंबडीच्या श्वासनळीत ते जातं आणि उन्हाने नाही ती पाण्याने मरते. शुद्धीवर आली की चोचीला पाण्याचे थेंब लावा, ती आपणहून पिते. दोन दिवस वेगळी ठेवा. आणि धावत तिला पकडू नका. चार वाजता खुराड्यात पळापळ झाली की एक वाचवताना दुसरी जाते, हेही वहीत आहे.

सगळं करूनही मरतच असतील तर ऊन सोडून दुसरा विचार करा. मानमोडी, म्हणजे राणीखेत हा कोंबड्यांचा साथीचा रोग, उन्हाळ्यातही येते. हिरवट-पांढरी पातळ विष्ठा, मान वाकडी होणं, पंख लुळे पडणं, सकाळच्या गारव्यातही मरणं, हलक्या गावरानही मरणं, अशी लक्षणं असतील तर ती लू नाही. मेलेली कोंबडी उकिरड्यावर न टाकता पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा आणि बाकीच्या बाहेर सोडू नका. लस द्यायची तर उन्हाळ्यापूर्वी, आणि पहाटे किंवा दिवेलागणीला.

मेमध्ये अंड्याचं कवच पातळ होतं, हाताने उचलताच पिचकतं, तेही याच धापेमुळे. धापेतून कार्बन डायऑक्साइड जास्त जातो आणि कवच बांधायला तो लागतो. शिंपल्यांचा चुरा संध्याकाळच्या खाण्यात ठेवा, कवच मुख्यतः रात्रीच बनतं. पूर्ण सुधारणार नाही, थोडं सावरेल.

राहिला जून. रोहिणीत ढग जमतात, पारा चाळिशीच्या खाली येतो, आपल्याला वाटतं सुटलो, आणि नेमक्या तेव्हा माझ्या दोन वर्षांत तीन कोंबड्या मेल्या. ओलं बारदान आणि कोंबडीची धाप, दोन्ही एकाच युक्तीवर चालतात: पाण्याची वाफ व्हायची आणि जाताना उष्णता घेऊन जायची. हवाच दमट झाली की वाफ होत नाही. बारदान थंड करत नाही आणि आतला दमटपणा मात्र वाढवतं, म्हणजे कोंबडीची उरलेली एकमेव वाट आपणच बंद करतो. म्हणून सकाळी बारदान बघा. मेमध्ये ठिबक बंद केल्यावर ते तासाभरात वाळतं. ज्या दिवशी दोन तासांनंतरही ओलं लागेल, त्या दिवशी ड्रमचा कॉक बंद करा, बारदान सोडून उन्हात टाका आणि चारही बाजू मोकळ्या करा. आता पंखा लावा, आता तो उपयोगी आहे. मृगाच्या आत छपरावरच्या पऱ्हाट्याही उतरवून घ्या, भिजल्या की वाळवी लागते आणि खाली साप येऊन बसतो. मागच्या वर्षी मी आठ दिवस उशीर केला, तेव्हा पेंढी उचलताना हातात काठी होती म्हणून बरं.